पाच मांजरं, टू बीएचके आणि लिटरचा वास. तुम्ही काय करता?

मोरपंखी | ८ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, मी, नवरा, सासूबाई आणि पाच मांजरं. सोनी आणि टिकली जुन्या, दोघींची नसबंदीची ऑपरेशनं झालेली. गेल्या दिवाळीत पार्किंगमध्ये भिजलेला बंड्या सापडला, आणि यंदा मार्चमध्ये जिन्याखाली एक भाटी व्याली, त्यातली दोन आमच्याकडेच राहिली, काळी आणि पिठलं.

तर पाऊस सुरू झाल्यापासून घरात वास येतोय आणि तो जातच नाही. मांजरांच्या शी-शूचे दोन ट्रे आहेत, दोन्ही ड्राय बाल्कनीत शेजारी शेजारी. लॅव्हेंडरवालं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये भरायची माती, आणते, एक दिवसाआड साफ करते, वर बेकिंग सोडा टाकते, धूप लावते, रूम फ्रेशनर मारते, तरी सकाळी बेडरूमचं दार उघडलं की नाकात झोंबतं. मागच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला आणि मला खाली मान घालून बसावं लागलं. सासूबाई एका शब्दाने काही बोलत नाहीत पण काल बघितलं तर त्यांनी जपाचं आसन हॉलमधून उचलून गॅलरीत नेलंय, पावसाचे शिंतोडे येतात तिथे. ते बघून रात्री झोप लागली नाही मला.

मांजरं देऊन टाका हा सल्ला कृपया कुणी देऊ नका. बाकी काय असेल ते सांगा, सगळं करायची तयारी आहे.

सिडकोकर | ८ जुलै, रात्री ११:४८

ताई पाच मांजरांना दोन ट्रे म्हणजे दोन संडास आणि पाच भाडेकरू, आणि दोन्ही संडास एकमेकांना चिकटून. मांजराच्या हिशोबात ते दोन नाहीतच, एकच मोठा ट्रे आहे. नियम असा की जेवढी मांजरं त्याच्यात एक मिळवायचा, म्हणजे तुम्हाला सहा. सहा नाही जमले तर निदान चार करा पण वेगवेगळ्या जागी.

आणि पेट शॉपचे ते छोटे ट्रे घेऊ नका. मांजराच्या लांबीच्या दीडपट ट्रे पाहिजे, नाक ते शेपटीची सुरुवात असं मोजायचं. मी मेन रोडवरून प्लॅस्टिकची मोठी घमेली आणली, गवंडीकामाची असतात ना ती, आणि दोन उंच टब, ज्यांच्या एका बाजूला करवतीने खाच मारून दार केलं. घाण उचलायचा स्कूपसुद्धा विकतचा मोडला दोनदा, आता स्टीलचा झारा आहे भजी तळायचा, अर्थात वेगळा ठेवलेला, त्याला लाल चिंधी बांधलीये म्हणजे चुकून कुणी स्वयंपाकघरात नेणार नाही. झाऱ्यातून कोरडी माती खाली पडते, लघवीने झालेला गोळा वर राहतो, हाताला जोर लागत नाही.

माझ्याकडे सात आहेत. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी, दोन वेळा म्हणजे दोन वेळा. दिवसाआड चालत नाही.

गोदाकाठ | ९ जुलै, सकाळी ७:०५

लॅव्हेंडर आधी बंद करा. आपल्याला जो मंद सुवास वाटतो तो त्यांना असह्य होतो, आणि मग मांजर ट्रे सोडून दुसरा कोपरा शोधतं.

फळ्यावरचा_खडू | ९ जुलै, दुपारी ३:२०

मी केमिस्ट्री शिकवतो, घरी तीन मांजरं आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताज्या लघवीला तसा फार वास नसतो. तिच्यात युरिया असतो. बॅक्टेरियांकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडून अमोनिया तयार करतं, आणि ओल आणि ऊब मिळाली की हे काम जोरात चालतं. आपल्याकडे मार्च एप्रिलमध्ये हवा एवढी कोरडी की लिटर आपोआप सुकतं, आणि जून लागला की तेच लिटर दिवसभर दमट राहतं. वास पावसाळ्यात वाढला त्याचं कारण हे. मांजरं तीच आहेत.

दुसरी गोष्ट फेलिनिन. हे गंधक असलेलं अमिनो आम्ल मांजराच्या लघवीत असतं, आणि ऑपरेशन न झालेल्या बोक्यात ते मादीपेक्षा कितीतरी जास्त असतं. ते फुटलं की गंधकाची संयुगं बाहेर पडतात. लासलगावकडे कांद्याच्या चाळीत सडका कांदा लागला की जो वास येतो त्यातही गंधकाचीच संयुगं असतात, म्हणून तो वास कपड्याला धरून बसतो. तुमचा बंड्या आता नऊ दहा महिन्यांचा असेल ना? त्याचं ऑपरेशन झालंय का हे तुम्ही लिहिलं नाही.

बेकिंग सोडा स्वतः सौम्य अल्कली, अमोनियाही अल्कली, त्यामुळे सोड्याने अमोनिया फारसा मारला जात नाही. त्यावर आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसलं तर अमोनिया जातो. पण गंधकाचा वास व्हिनेगरने जात नाही, त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पेट शॉपमध्ये मिळतं, आणि ते फवारून लगेच पुसायचं नाही, दहा पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. इथेच बहुतेक लोक घाई करतात आणि मग म्हणतात की काही उपयोग नाही.

मोरपंखी | ९ जुलै, रात्री १०:३०

बंड्याचं राहिलंय. पाऊस संपला की करू असं म्हणत होतो. सर तुम्ही लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं.

सहा ट्रे मात्र कुठे ठेवू कळत नाहीये. ड्राय बाल्कनी भरलीये, हॉलमध्ये देव्हारा आहे.

सिडकोकर | ९ जुलै, रात्री ११:१५

ड्राय बाल्कनीत एक, वॉशिंग मशीनपासून लांब कारण मशीन फिरायला लागलं की मांजर दचकतं आणि परत त्या ट्रेकडे जात नाही. कॉमन बाथरूममध्ये एक. बेडरूमच्या कोपऱ्यात एक, कपाटाच्या आड. पॅसेजमध्ये एक. देव्हाऱ्याजवळ नकोच, आणि जिथे खायच्या वाट्या आहेत तिथे अजिबात नको, खाण्याशेजारी घाण मांजराला चालत नाही. झाकणवाला बंद डबा घेऊ नका, वास आपल्याला कमी येतो पण आत कोंडून राहतो आणि जाणाऱ्या मांजराच्या नाकावर बसतो. शिवाय एक मांजर आत असलं की दुसरं तोंडाशी दबा धरून बसतं.

लिटर दोन ते तीन इंच भरायचं. कमी टाकलं तर लघवी तळाला चिकटते, मग खरवडत बसा.

अंगणवेल | १० जुलै, सकाळी ९:४०

मी तर रोज फिनाईलने पुसते आणि महिन्यातून एकदा ट्रे ब्लीचिंग पावडरने धुते, घर चकचकीत. वास नाही काही नाही.

फळ्यावरचा_खडू | १० जुलै, सकाळी १०:०२

ताई, हे आजपासून थांबवा, मनापासून विनंती आहे. लघवीत अमोनिया असतो, त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन वायू तयार होतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे, बंद बाथरूममध्ये तर फारच. आणि फिनाईलमधली फिनॉल जातीची रसायनं मांजराचं लिव्हर नीट बाहेर टाकू शकत नाही, आपल्या आणि कुत्र्याच्या शरीरात जी प्रक्रिया होते ती त्यांच्यात फार कमी होते. फरशीवरून पायाला लागतं, मांजर पाय चाटतं, पोटात जातं. सोपी खूण सांगतो, जे जंतुनाशक पाण्यात टाकल्यावर पाणी दुधासारखं पांढरं होतं ते मांजराच्या घरात वापरू नका. डांबर गोळ्या आणि कापूरसुद्धा ट्रेजवळ नकोत, टी ट्री वगैरे तेलंही नकोत.

ट्रे धुवायला गरम पाणी आणि थोडा भांड्याचा साबण पुरतो.

अंगणवेल | १० जुलै, दुपारी १२:३०

बाप रे, मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. बाटली उचलून बाजूला ठेवली. माझी म्हातारी मनी मधे मधे लाळ गाळते, ती दाखवून आणते डॉक्टरांना.

वाड्यातली | १० जुलै, दुपारी ४:१५

आमचा पंचवटीत जुना वाडा होता, मागच्या अंगणात चुलीची राख आणि माती टाकलेला कोपरा होता, मांजरं तिथे जायची, उकरायची, झाकायची, आणि आजी दर चार दिवसांनी ती माती उचलून परसात लांब टाकायची. वास कधी आठवत नाही मला. फ्लॅटमध्ये मी तेच करून बघितलं, गावाकडून राख आणली, पण दुसऱ्या दिवशी डोळ्यातून पाणी यायला लागलं एवढा वास. असं का झालं असेल?

फळ्यावरचा_खडू | १० जुलै, संध्याकाळी ६:५०

राख अल्कली असते, त्यामुळे लघवीत विरघळलेला अमोनिया उलट हवेत जास्त सुटतो. वाड्यात वर मोकळं आकाश होतं, खाली जमीन होती, फ्लॅटमध्ये चार भिंती. ओल्या राखेने मांजराचे तळवेही भाजतात. राख नकोच.

द्राक्षबागेतून | ११ जुलै, रात्री ९:२०

लिटर कुठलं घ्यायचं यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत कामाला आहे. पांढरी वाइन नितळ करायला आम्ही बेंटोनाइट माती वापरतो, ती पाण्यात फुगते आणि वाइनमधली प्रथिनं ओढून तळाला बसते. तीच जात मांजराच्या लिटरमध्ये असते, आपल्या देशात कच्छ आणि बारमेरकडून येते. लघवी पडली की तेवढीच माती फुगून गोळा होतो आणि तो उचलून टाकता येतो, लघवी घरात राहतच नाही. म्हणून जास्त मांजरांच्या घरात मी बिनवासाचं बारीक बेंटोनाइटच सांगेन. धूळ उडते हे खरं, ओतताना पिशवी ट्रेच्या तळाशी नेऊन हळू ओता. अगदी लहान पिल्लं असतील तर गोळा होणारी माती नको, ती तोंडात घालतात. तुमची चार महिन्यांची झाली असतील तर चालेल.

लाकडाचे पेलेट स्वस्त पडतात, भिजले की भुसा होतो, त्यांना चाळणीचा दुहेरी ट्रे लागतो. बॉयलरसाठी जे बायोमास पेलेट विकतात ते आणू नका, त्यात काय मिसळलंय कळत नाही. वखारीतला भुसा आणायचा तर साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नाही. टोफूचं लिटर हलकं आणि चांगलं आहे पण आपल्या पावसाळ्यात माझ्याकडे त्याला बुरशी आली, हवाबंद डब्यात नव्हतं ठेवलं. वाळू मी कुणालाच सांगत नाही, गोळा होत नाही, सगळी लघवी तळाला.

हिरवी_पायरी | १२ जुलै, दुपारी १:१०

वापरलेलं लिटर कुठे टाकता? आमच्याकडे एकाने फ्लशमध्ये टाकलं आणि खालच्या तीन मजल्यांची लाइन चोकअप.

सिडकोकर | १२ जुलै, दुपारी २:००

जी माती ट्रेमध्ये फुगते ती पाइपमध्येही फुगणारच ना भो. जाड पिशवीत घट्ट गाठ मारून घंटागाडीत द्यायचं, आणि ओल्या कचऱ्यात नाही, ओल्याचं पाथर्डीच्या खतप्रकल्पात खत होतं. डायपर आणि पॅड ज्या डब्यात देता त्याच्यात हे द्या. गाडीवरच्या माणसाला तोंडाने सांगा की यात मांजराची घाण आहे, तो हाताने पिशवी फोडणार नाही. आणि कुंडीत टाकू नका, निदान पालेभाज्या कोथिंबीर असलेल्या कुंडीत तर नाहीच.

नवी_पालवी | १२ जुलै, रात्री ८:४५

मला चौथा महिना चालू आहे आणि घरात दोन मांजरं. सगळे म्हणतायत मांजरं हलवा. घाबरले आहे.

गोदाकाठ | १२ जुलै, रात्री ९:३०

हलवायची गरज नाही गं. गरोदरपणात टॉक्सोप्लाज्मा नावाच्या जंतूची भीती असते, पण मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच ते जंतू शीतून बाहेर येतात, आणि शी पडल्यावर लगेच नाही, एक ते पाच दिवसांनी ते लागण करण्याजोगे होतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला पाहिजे आणि तो नवऱ्याने करायचा. तुलाच करावा लागला तर हातमोजे घाल, नंतर साबणाने हात धू. मांजराला कच्चं मटण देऊ नका, बाहेर शिकार करू देऊ नका. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यातूनही हे होतं, तिकडेही तेवढंच लक्ष दे. आणि तुझ्या डॉक्टरांना घरात मांजरं आहेत हे सांग, ते लागेल ती टेस्ट करतील. काळजी घे बाळा.

मोरपंखी | १५ जुलै, रात्री १२:२०

मंडळी, चार ट्रे झाले. बिनवासाचं बेंटोनाइट आणलं, दोन वेळा झारा चालतोय. बाल्कनीचा वास गेला, खरंच गेला. पण हॉलमध्ये आहेच.

मग आज नवऱ्याने जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली, नोटा तपासायची असते ना ती. रात्री सगळे दिवे बंद केले, पडदे ओढले आणि दोघं फरशीवर बसून बघायला लागलो. फरशीवर काही नाही. सोफ्यावर काही नाही. मग त्याने टॉर्च दिवाणाच्या मागच्या भिंतीवर मारली आणि तिथे फिकट पिवळसर हिरवे ओघळ चमकायला लागले, जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होऊन खाली आलेले, एक नाही सात आठ. चपलांच्या स्टँडच्या बाजूला तसेच. पडद्याच्या खालच्या कडेला तसेच. आणि सासूबाईंचं आसन जिथे असायचं त्याच्या बरोब्बर मागे, भिंतीच्या पट्टीवर. दिवा लावला तर तिथे काहीच दिसत नाही, स्वच्छ भिंत. इतके महिने मी ट्रे घासतेय आणि वास इथून येत होता.

फळ्यावरचा_खडू | १५ जुलै, सकाळी ६:४०

उभ्या भिंतीवर ओघळ म्हणजे लघवीचा फवारा. बंड्या वयात आलाय, हद्द आखतोय, घरात दोन नवीन पिल्लं आल्याचंही कारण असू शकतं. पाऊस संपायची वाट बघू नका, ऑपरेशन पावसाळ्यातही होतं. त्या जागा खडूने गोल करून ठेवा आणि एन्झाइम क्लीनर दोनदा तीनदा मारा, रंगात मुरलेलं एकदम निघत नाही. पडदा धुवायला काढा, गरम इस्त्री त्यावर आत्ता फिरवू नका. आणि त्याला रागावू नका, मारलं की भीतीने फवारा वाढतो.

मोरपंखी | १८ जुलै, रात्री १०:५५

कुणी जागं आहे का? बंड्या संध्याकाळपासून ट्रेमध्ये जाऊन बसतोय, पाच मिनिटं बसतो, बाहेर येतो, परत जातो. खाली चाटतोय सारखा. ट्रेमध्ये गोळा एकही नाही. मला वाटलं पोट साफ होत नाहीये. उद्या सकाळी दाखवू का?

सिडकोकर | १८ जुलै, रात्री १०:५८

सकाळ नाही ताई आत्ता. आत्ता निघा. लघवी अडकलीये त्याची. बोक्यांची नळी बारीक असते, खडे किंवा चिकट गाळ अडकतो, एक दोन दिवसात जीव जातो. मेसेजमध्ये नंबर टाकलाय, रात्री दवाखाना उघडा असतो त्यांचा, मी फोन करून सांगतो तुम्ही येताय.

गोदाकाठ | १८ जुलै, रात्री ११:०१

पोट दाबून बघू नका. पिंजरा नसेल तर उशीच्या अभ्र्यात घ्या, पण निघा.

मोरपंखी | १९ जुलै, पहाटे ४:१०

आलो घरी. तो तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले मूत्राशय लिंबाएवढं टणक झालं होतं, भूल देऊन नळी घातली, रक्तात पोटॅशियम चढायला लागलं होतं, त्याने हृदय बंद पडतं म्हणाले. सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता येत नव्हतं. नवरा गाडी चालवत होता आणि सासूबाई मागच्या सीटवर बंड्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, द्वारका चौकापासून दवाखान्यापर्यंत त्यांचा जप चालू होता.

सिडकोकर दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सिडकोकर | १९ जुलै, सकाळी ६:१५

आभार नको. माझा पहिला बोका असाच गेला, २०१६ साली, मी सकाळपर्यंत थांबलो होतो. रोज रात्री गोळे मोजत जा, पाच मांजरांचे साधारण किती पडतात ते आठवड्यात कळतं तुम्हाला. कमी पडले तर कुणाचं तरी अडलंय, अचानक मोठे आणि जास्त पडायला लागले तर म्हाताऱ्या मांजराची किडनी किंवा शुगर बघून घ्यायची.

हिरवी_पायरी | २१ जुलै, दुपारी १२:००

सोसायटीच्या मीटिंगबद्दल, पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या कुत्र्यांबद्दल आहेत, पण त्यात म्हटलंय की पाळीव कुत्र्यांवर सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. पण वासाची तक्रार खरी असेल तर ती आपण सोडवायचीच, शेजाऱ्यालाही श्वास घ्यायचा असतो.

मोरपंखी | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

बरेच दिवसांनी लिहितेय. बंड्या चार दिवसांनी घरी आला, ऑगस्टच्या शेवटी त्याचं ऑपरेशनही झालं. आता त्याला डॉक्टरांनी दिलेलं वेगळं खाणं आहे, बाकीच्यांनाही ओलं खाणं वाढवलं आणि घरात पाण्याच्या चार वाट्या ठेवल्या. ऑपरेशननंतर आठवडाभर एखाद दुसरा फवारा मारला, आता गेले दहा दिवस काही नाही. भिंतीला तीनदा क्लीनर मारलं, तरी दिवाणामागचा एक कोपरा दमट दिवशी थोडा उठतो, तिथे दसऱ्याआधी रंग खरवडून परत देणार आहोत.

ट्रे आता पाच आहेत, सहावा खरंच बसत नाही. दोन जास्तीचे धुऊन तयार असतात, एक धुतला की दुसरा लावायचा, पावसात वाळायला दोन दिवस लागतात म्हणून. ट्रेसमोर गोणपाटाचं पायपुसणं टाकलंय, पायाची माती त्यात अडकते. लिटरची पिशवी उघडी न ठेवता धान्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवते.

शेजारच्या काकू परवा गणपतीचा प्रसाद घेऊन आल्या, आत येऊन बसल्या, चहा घेतला. मी विचारलं, काकू वास येतो का अजून? त्या म्हणाल्या, कसला?

सासूबाईंचं आसन हॉलमध्ये परत आलंय. रात्रीचे गोळे त्याच मोजतात, कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहितात. कालचा अकरा.

नवी_पालवी | १४ सप्टेंबर, रात्री १०:१०

किती छान वाटलं वाचून. माझी टेस्ट नॉर्मल आली, मांजरं घरीच आहेत, ट्रे नवरा करतो. तुमची घमेली किती मोठी आहेत ते सांगाल का, आम्ही रविवारी आणणार आहोत.

मोरपंखी | १४ सप्टेंबर, रात्री १०:२५

सोनी सगळ्यात मोठी आहे, ती आत उभी राहून भिंतीला अंग न लागता गोल फिरू शकते तेवढं. दुकानात टेप घेऊन जा, आतून सव्वा ते दीड हात भरलं पाहिजे, आणि तळ सपाट बघून घे, खोलगट तळाच्या घमेल्यात झारा नीट फिरत नाही.